जर, तर आणि कदाचित : तर्क आणि संभाव्यता यांच्या एकत्र येण्याचा इतिहास

उच्च माध्यमिक वर्गांच्या गणितात तर्कशास्त्राचे एक प्रकरण असते आणि संभाव्यतेचे एक. पहिल्यात विधाने येतात, म्हणजे सत्य किंवा असत्य यांपैकी नेमके एकच मूल्य ज्यांना देता येते अशी वाक्ये, आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर–तर’ अशा शब्दांनी ती जोडली असता होणाऱ्या संयुक्त विधानांची सत्यता ठरवण्याचे नियम. दुसऱ्यात नाणी, फासे, पत्ते आणि पिशवीतले रंगीत चेंडू येतात. विद्यार्थी ही प्रकरणे बहुधा सुटी सुटी शिकतो, आणि त्यांचा जन्मही वेगवेगळ्या ठिकाणी झाला, तर्काचा वादसभेत आणि संभाव्यतेचा जुगाराच्या पटावर. तरीही गेली साडेतीनशे वर्षे या दोन विद्यांचा इतिहास एकमेकींत गुंतलेला असून, एकीतील अडचण दुसरीच्या साहाय्याने सुटल्याचे प्रसंग त्यात वारंवार येतात.

विधानांच्या तर्काची पहिली काटेकोर चर्चा इसवी सनापूर्वीच्या चौथ्या आणि तिसऱ्या शतकांत ग्रीसमध्ये झाली. ॲरिस्टॉटलने ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ या पदांवर आधारलेली अनुमानपद्धती उभी केली होती. मेगारा येथील परंपरेतील तत्त्वज्ञांनी आणि त्यांच्यानंतर स्टोइक पंथीयांनी मात्र संपूर्ण वाक्य हेच एकक मानले आणि ‘जर–तर’ या जोडणीचा अर्थ काय, हा प्रश्न ऐरणीवर आणला. मेगाराच्या परंपरेतील फिलो याचे मत असे की, पहिला भाग सत्य आणि दुसरा असत्य असेल तेवढ्याच स्थितीत सशर्त विधान खोटे ठरते, उरलेल्या तिन्ही स्थितींत ते खरे मानावे. त्याचा गुरू डायोडोरस याला हे अमान्य होते. ‘जर दिवस असेल, तर मी बोलत आहे’ हे विधान दिवसा बोलत असलेल्या माणसाने केले, तर फिलोच्या मते ते खरे. डायोडोरसच्या मते ते खोटे, कारण दिवस असूनही तो माणूस गप्प असणे शक्य होते. आजच्या पाठ्यपुस्तकातील सशर्त विधानाची सत्यता सारणी ही फिलोच्या मताची सारणी आहे, आणि पूर्वांग असत्य असताना अख्खे विधान सत्य कसे, असे विचारणारा विद्यार्थी नकळत डायोडोरसची बाजू मांडत असतो. तो प्रश्न बाळबोध समजून उडवून लावण्यासारखा मुळीच नाही.

भारतात हेच काम न्यायदर्शनाने वेगळ्या अंगाने केले. गौतमाच्या न्यायसूत्रांनी अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. हा डोंगर तसाच धुराने युक्त आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. या रचनेचा कणा म्हणजे व्याप्ती, अर्थात धूर आणि अग्नी यांचा अव्यभिचारी संबंध. नैयायिकांची सूक्ष्मता व्याप्ती उलटवून पाहताना विशेष प्रकट होते. धूर असेल तर अग्नी असतो, परंतु अग्नी असेल तर धूर असतोच असे नाही, कारण तापवून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओल्या सरपणाची जोड लागते, आणि या जोडीला त्यांनी उपाधी म्हटले. उलट, जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, जसे तळ्यात, ही व्यतिरेकव्याप्ती मात्र त्यांना मान्य होती. विधानाचा व्यत्यास मूळ विधानाबरोबर खरा असेलच असे नाही, पण प्रतिव्यत्यास असतोच, हा पाठ्यपुस्तकातील नियम लोखंडाचा गोळा आणि तळे या दोन उदाहरणांत संपूर्ण आला आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथाने ही सामग्री नवशिक्यांच्या हाती दिली, आणि यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाल्यावर इंग्रजी शिकलेल्या पिढीलाही ती वाट खुली झाली.

द्यूत भारतात तर्काइतकेच जुने, आणि मोजणीची विद्याही. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा विदर्भाकडे रथातून जाताना एका बेहड्याच्या झाडाच्या दोन शाखांवरील पाने व फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो, नल झाड पाडून फळे मोजतो तेव्हा ती संख्या बरोबर निघते, आणि अश्वविद्येच्या बदल्यात राजा त्याला अक्षविद्या देतो. जुन्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरली जात, हे लक्षात घेतले म्हणजे मोजणीचे कौशल्य आणि द्यूताचे ज्ञान यांना एकाच माणसाच्या ठायी ठेवण्यातील औचित्य कळते. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या उगमावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. पुढे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘लीलावती’त निवडींची संख्या काढण्याची रीत स्पष्ट दिली. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा रसांपैकी एकेक घेतल्यास ६, दोन-दोन घेतल्यास १५, तीन-तीन घेतल्यास २० आणि पुढे १५, ६ व १ असे एकूण ६३ प्रकार होतात. संभाव्यतेच्या गणितासाठी लागणारे मुख्य हत्यार अशा रीतीने हाताशी होते. मात्र अनुकूल प्रकारांना एकूण प्रकारांनी भागून शक्यतेचे माप काढण्याची पुढची पायरी या ग्रंथांत येत नाही, आणि केवळ अभिमानापोटी ती तेथे असल्याचे म्हणणे त्या ग्रंथांवरही अन्याय करणारे आहे.

ती पायरी इटली आणि फ्रान्समध्ये चढली गेली. जेरोलामो कार्दानो याने सोळाव्या शतकात फाशांच्या खेळावर लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापले गेले. त्यात दोन फाशांच्या ३६ फलितांचा विचार आहे. गॅलिलिओपुढे आलेला प्रश्न अधिक बोलका आहे. तीन फासे टाकले असता ९ ही बेरीज सहा प्रकारे होते आणि १० ही बेरीजही सहाच प्रकारे होते, तरी अनुभवी जुगाऱ्यांना १० अधिक वेळा पडते असे का वाटावे? गॅलिलिओने दाखवले की हे सहा प्रकार समान वजनाचे नाहीत. १, २, ६ ही तिकडी तीन फाशांवर सहा क्रमांनी पडू शकते, १, ४, ४ ही तिकडी तीन क्रमांनी, आणि ३, ३, ३ ही एकाच क्रमाने. या हिशेबाने २१६ फलितांपैकी ९ ला २५ वाटा मिळतात आणि १० ला २७. दोनशे सोळांत दोनांचा फरक खेळणाऱ्यांच्या नजरेने टिपला होता, ही गोष्ट त्या काळी जुगार किती खेळला जात असे यावर पुरेसा प्रकाश टाकते.

१६५४ मध्ये पॅरिसचा ब्लेझ पास्कल आणि तुलूझचा पिएर द फेर्मा यांच्यात झालेला पत्रव्यवहार या शास्त्राचा आरंभ मानला जातो, आणि ते रास्त आहे. प्रश्न जुना होता : डाव अर्धवट थांबला तर पणाची रक्कम कशी वाटायची? लुका पाचोली याने १४९४ मध्ये जिंकलेल्या खेळींच्या प्रमाणात वाटणी सुचवली होती, म्हणजे त्याची नजर झालेल्या खेळावर होती. पास्कल आणि फेर्मा यांनी ती होऊ शकणाऱ्या खेळाकडे वळवली. पास्कलच्या उदाहरणात दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या आहेत, तीन खेळी आधी जिंकणारा सर्व ६४ घेणार, आणि पहिल्याच्या दोन व दुसऱ्याची एक खेळी झाली असता डाव थांबतो. पुढची खेळी पहिल्याने जिंकली तर त्याला ६४ मिळतील, हरला तरी बरोबरी होऊन ३२ मिळतील. म्हणजे ३२ त्याच्या हक्काच्याच आहेत, आणि उरलेल्या ३२ साठी दोघांची संधी सारखी असल्याने त्यातील १६ त्याच्या. त्याचा वाटा ४८, दुसऱ्याचा १६. फेर्माची रीत निराळी होती : फार तर दोन खेळी उरल्या आहेत, त्यांचे चार निकाल संभवतात, त्यांपैकी तिनांत पहिला जिंकतो, म्हणून तीन चतुर्थांश. रोबेर्वाल या गणितज्ञाने आक्षेप घेतला की पहिली खेळी जिंकल्यावर दुसरी खेळलीच जाणार नाही, मग ती मोजायची कशाला? आक्षेप खेळाच्या दृष्टीने बरोबर असला तरी गणिताच्या दृष्टीने चुकीचा आहे, कारण त्या न खेळल्या जाणाऱ्या खेळीमुळेच चारही निकाल समान वजनाचे होतात.

तर्क आणि संभाव्यता यांची पहिली भेट यानंतर आठच वर्षांनी झाली. पास्कलचे निकटवर्ती आंत्वान आर्नो आणि पिएर निकोल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पोर-रॉयालचे तर्कशास्त्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात विजेच्या कडकडाटाने गर्भगळित होणाऱ्यांचे उदाहरण येते, आणि भीती ही केवळ संकटाच्या मोठेपणावर अवलंबून न ठेवता ते ओढवण्याच्या शक्यतेवरही बेतावी, असे सांगितले जाते. सत्य-असत्याच्या ग्रंथात मधल्या पायऱ्यांना जागा मिळाली ती येथे. याकोब बर्नुली याच्या १७१३ मध्ये, मृत्यूनंतर आठ वर्षांनी निघालेल्या ग्रंथाने संभाव्यता म्हणजे निश्चिततेचा अंश अशी व्याख्या केली, आणि पूर्ण निश्चितता १ धरली की तिचे माप अपूर्णांकाने सांगता येते हे प्रस्थापित केले. प्रयोगांची संख्या वाढवत नेली असता प्रत्यक्ष प्रमाण खऱ्या प्रमाणाजवळ येते हा त्याचा मोठा सिद्धान्त. ३००० पांढरे आणि २००० काळे खडे असलेल्या कलशाच्या उदाहरणात हजारास एक इतक्या खात्रीसाठी त्याला २५,५५० वेळा खडा काढावा लागेल असे दिसले, आणि ही संख्या त्या काळी छातीत धडकी भरवणारी होती.

संभाव्यतेतील चुका किती मोठ्या माणसांकडून झाल्या हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. दालांबेर याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिले की, नाणे दोनदा उडवले असता एकदा तरी छाप पडण्याची संभाव्यता २/३ आहे, कारण पहिल्यांदा छाप पडली की खेळ संपतो आणि तीनच निकाल उरतात. रोबेर्वालचीच चूक शंभर वर्षांनी पुन्हा झाली होती. ती टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग तर्काकडून येतो : ‘पहिल्यांदा छाप किंवा दुसऱ्यांदा छाप’ हे विधान नाकारायचे तर ‘पहिल्यांदा छाप नाही आणि दुसऱ्यांदाही नाही’ असे म्हणावे लागते, त्याची संभाव्यता १/४, म्हणून मूळ विधानाची ३/४. ‘किंवा’ नाकारताना ‘आणि’ होतो आणि ‘आणि’ नाकारताना ‘किंवा’, हा नियम मध्ययुगातील विल्यम ऑफ ऑकम याला ठाऊक होता, पण आज तो ऑगस्टस डी मॉर्गन याच्या नावाने शिकवला जातो.

डी मॉर्गनचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा; वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणित शिकवताना त्याने १८३८ मध्ये संभाव्यता आणि आयुर्विमा यांवर सर्वसामान्यांसाठी पुस्तक लिहिले, आणि १८४७ मध्ये तर्कशास्त्रावरील ग्रंथात अनिवार्य व संभाव्य अशा दोन्ही अनुमानांना शीर्षकातच स्थान दिले. दिल्लीच्या रामचंद्र या शिक्षकाचे गणितावरील पुस्तक १८५९ मध्ये लंडनला पुन्हा प्रसिद्ध होण्यामागेही डी मॉर्गनच होता, आणि त्याच्या गुणग्राहकतेची ही खूण इतिहासाने विसरू नये. त्याचा मित्र जॉर्ज बूल हा लिंकन शहरातील चांभाराचा मुलगा, बहुतांशी स्वतःच शिकलेला, १८४९ पासून आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक. त्याच्या १८५४ च्या ग्रंथाचा विषय तर्क आणि संभाव्यता या दोहोंचा गणिती पाया हाच होता. एखाद्या वर्गातून तोच वर्ग पुन्हा निवडला तर तो वर्गच राहतो, म्हणून त्याच्या बीजगणितात x² = x हे समीकरण नेहमी खरे असते; साध्या संख्यांमध्ये ते ० आणि १ याच दोन संख्यांना लागू पडते, आणि बूलने त्यांना अनुक्रमे ‘काहीच नाही’ व ‘सर्व काही’ हे अर्थ दिले. घटना घडली असे म्हणण्याऐवजी ‘घटना घडली’ हे विधान सत्य आहे असे म्हणता येते, हे त्याने ओळखले, आणि त्यामुळे दोन्ही शाखांचे हिशेब एकाच पट्टीवर आले. त्याच वर्षी हेन्री विल्ब्रहॅम याने दाखवून दिले की बूलच्या संभाव्यतेच्या रीतीत स्वातंत्र्याचे, म्हणजे एका घटनेमुळे दुसरीच्या शक्यतेत फरक पडत नाही असे, एक गृहीतक लपलेले आहे.

विसाव्या शतकातील प्रगती थोडक्यात सांगता येते. १९२१ मध्ये एमिल पोस्ट आणि लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या लेखनातून सत्यता सारण्या आजच्या रूपात आल्या. त्याच वर्षी केन्स याने संभाव्यता हा विधानांमधील तार्किक संबंध आहे असे प्रतिपादणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये कोल्मोगोरोव्ह याने घटनांना संच मानून, कोणतीही संभाव्यता ऋण नसते, संपूर्ण नमुना अवकाशाची संभाव्यता १ असते आणि परस्पर अपवर्जी घटनांच्या संभाव्यतांची बेरीज होते, एवढ्या गृहीतकांवर सारे शास्त्र उभे केले. ‘किंवा’साठी संयोग, ‘आणि’साठी छेद, ‘नाही’साठी पूरक संच, असा मेळ बसला.

‘जर–तर’ मात्र या मेळात बसला नाही, आणि वर्गात त्याकडे क्वचितच लक्ष वेधले जाते. एक फासा टाकला असता ‘जर सम संख्या पडली, तर ती सहा असेल’ हे विधान फिलोच्या नियमाने फक्त २ आणि ४ पडल्यास खोटे ठरते, म्हणून ते सत्य असण्याची संभाव्यता ४/६, म्हणजे २/३ येते. सम संख्या पडली आहे हे कळल्यानंतर ती सहा असण्याची संभाव्यता, जिला सशर्त संभाव्यता म्हणतात, ती १/३ आहे. दुसरे उत्तरच सामान्य माणसाला अभिप्रेत असते. ‘जर–तर’चा अर्थ थोडा बदलून ही दोन उत्तरे जुळवून घेता येतील अशी आशा काही तर्कज्ञांना होती, पण अमेरिकेतील तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस याने १९७६ मध्ये सिद्ध केले की, काही क्षुल्लक अपवाद सोडता, सशर्त विधानाची संभाव्यता सर्वत्र सशर्त संभाव्यतेएवढीच येईल असा कोणताही अर्थ ‘जर–तर’ला देता येत नाही.