अंगणात आलेली शाळा

‘खेळ पुरे झाला, आता अभ्यासाला बस’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने लहानपणी ऐकले आहे आणि आई झाल्यावर उच्चारलेही आहे. खेळ म्हणजे वेळ दवडणे आणि अभ्यास म्हणजे पाटीपुस्तक, अशी वाटणी त्यात आपण करून टाकतो. ही वाटणी खोटी आहे, हे दाखवून देण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यात महाराष्ट्राच्या दोन स्त्रिया अग्रभागी होत्या. वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्यांची कथा सांगावी असे वाटते.

कथेची सुरुवात मात्र दूर रोममध्ये होते. सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले जिने-भिंती खराब करीत. त्यांच्यावर लक्ष ठेवावयास कोणी तरी हवे, म्हणून ते काम डॉक्टर मारिया मॉन्टेसरी ह्यांच्याकडे आले, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचे पहिले बालगृह उघडले. हाताने चाळवता येतील अशी साधने मिळाली की तीच दंगेखोर मुले एकेका कामात तासन्‌तास रंगून जातात, हे बाईंनी पाहिले. मूल हातांनी शिकते. डोळा, बोट आणि मन ही तिन्ही एकत्र वाढतात, हा त्यांचा शोध.

तो आपल्याकडे रुजविला गुजरातेत गिजुभाई बधेका ह्यांनी. गिजुभाई व्यवसायाने वकील. आपल्या मुलाला कसे वाढवावे ह्या विवंचनेतून ते मॉन्टेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मुलांवर आईची माया करणाऱ्या ह्या माणसाला लोक कौतुकाने ‘मिशाळ आई’ म्हणू लागले. १९२३ मध्ये तेथे ताराबाई मोडक दाखल झाल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या ताराबाईंचा संसार मोडला होता आणि पदरी एक मुलगी होती. अशा स्थितीत त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांचा संसार मांडला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालविली आणि दादरला शिशुविहार उभारला.

येथवर सारे सुरळीत झाले असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट बोचत होती. ही बालमंदिरे शहरातील सुस्थितीतल्या घरांची. मॉन्टेसरीची साधने महाग, खोल्या नीटनेटक्या, मुले स्वच्छ कपड्यांतली. १९३७ च्या वर्धा योजनेने खेड्यातील मुलांच्या शिक्षणाचा विचार केला होता खरा, पण तो सातव्या वर्षापासून पुढचा. त्याआधीची वर्षे कोणाच्या हिशेबातच नव्हती. आणि मुलाची बोली, चाल, स्वभाव ह्यांची बैठक तर त्याच वर्षांत बसते!

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह बालपणीच झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. त्या काळच्या रीतीने पाहिले तर त्यांचे जीवन तेथेच संपावयाचे. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्या.

बोर्डीत पहिलाच धडा बाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीवर जात. मुलांना न्हाऊ घालून, कपडे चढवून वेळेवर पाठवावयाचे कोणी? दुसरी एखादी बाई म्हणाली असती, ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी दोष आपल्या शाळेला दिला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे! दलितांच्या वस्तीत एखाद्या घरासमोरच्या अंगणात त्यांनी मुले जमविली. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच ‘अंगणवाडी’.

महागड्या साधनांची जागा शिंपले, चिंचोके, खडे, पाने आणि माती ह्यांनी घेतली. ह्यात विद्या कोठे आली, असे कोणी विचारील. लहानमोठे शिंपले वेगळे काढताना मूल तुलना शिकते, आणि तेच गणिताचे मूळ. बिया दोऱ्यात ओवताना बोटांना वळण लागते. उद्या लेखणी धरणार ती हीच बोटे. आणि भातुकलीत बाहुलीची आई होऊन मूल जे बोलते, त्यात ते शब्दांना शब्द जोडते, दुसऱ्याच्या मनात शिरून पाहते. ज्याची जीभ मोकळी झाली नाही त्याच्यापुढे अक्षरे ठेवून काय उपयोग?

१९५० नंतरच्या दशकात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे अडचणी निराळ्या. मोठी मुलगी शाळेत यावी तर कडेवर धाकटे भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ झाली. मुलगे गुरे राखावयास रानात जात. म्हणून शाळाच कुरणात गेली आणि झाडाखाली पाने, दगड मोजत भरू लागली. घरी वारली बोली आणि पुस्तकात निराळे मराठी, ह्या दरीत मूल गप्प होऊ नये म्हणून गाणी, गोष्टी आणि भोवतालचे रान हाच पूल होता.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, टेकडी सोडली नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, ती ३३ ठिकाणी. तिच्या केंद्रांना नाव पडले अंगणवाडी! एका किनाऱ्यावरच्या गावातला शब्द देशभर गेला.

शब्द गेला, पण आशय? आज अंगणवाडी म्हटले की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो. ते हवेच, उपाशी मूल काय खेळणार? पण गाणे, गोष्ट आणि चिंचोके मागे पडले तर अंगणवाडीचा अर्धा जीव गेला. दुसरीकडे आपण सुशिक्षित आया पैसे मोजून तीन वर्षांच्या बाळाला परक्या भाषेतील अक्षरे गिरवावयास बसवितो आणि त्याने घरी येऊन काही बोललेच नाही, तर त्याला शहाणे म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून खेळाला मान दिला, हे चांगले झाले. तथापि सरकारी कागद अंगणात येऊन गाणे म्हणत नाही. ते आपणच म्हणावयाचे.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या दुपारी मोकळ्या असतात. आठवड्यातून एक दुपार जवळच्या अंगणवाडीत जावे, सेविकेला विचारून मुलांत बसावे, एक गोष्ट सांगावी आणि मग गप्प राहून त्यांचे बोलणे ऐकावे. त्याला मोठी देणगी लागत नाही. मूठभर चिंचोके पुरतात.