सायकल कुरकुरतेय? आवाज नेमका कुठून येतोय, हे असं शोधा

सायकलचा आवाज फसवा असतो. कटकट पायडलजवळ ऐकू येते आणि दोष निघतो सीटखाली. कारण फ्रेमचे पाइप आतून पोकळ असतात. एका टोकाला झालेला आवाज पाइपमधून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि मोठाही होतो. त्यामुळे नुसत्या अंदाजावर पार्ट बदलले, तर पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

राहुरीसारख्या तालुक्यात हा प्रश्न जास्त येतो. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये घट्ट बसते. कालव्याकडेचे मातीचे रस्ते आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांतली धूळ चेनमध्ये जाते. शाळा, बाजार किंवा महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे जाताना अनेकांना नगर-मनमाड रस्ता गाठावाच लागतो. तिथे शेजारून ट्रक जात असताना पायडल निसटलं किंवा ब्रेक लागला नाही, तर परिणाम गंभीर होऊ शकतो. काही आवाज हीच त्याची आधी मिळालेली सूचना असते.

आधी चार चाचण्या

मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू सायकल चालवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

1. पायडल मारणं थांबवा. आवाज बंद झाला, तर दोष पायडल, क्रँक (पायडलचा दांडा), मधला अ‍ॅक्सल किंवा चेनमध्ये. चालूच राहिला, तर चाक, ब्रेक किंवा मडगार्ड तपासा.
2. सीटवरून उठून पायडल मारा. कुरकुर थांबली, तर सीटच्या स्प्रिंगा, क्लॅम्प किंवा सीटचा पाइप बघा.
3. छोट्या खड्ड्यावरून न्या. फक्त तेव्हाच खडखड होत असेल, तर कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी आणि कुलूप हाताने हलवून बघा.
4. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखाली ‘टक’ झालं किंवा खेळ जाणवला, तर तिथले छर्रे-कप सैल झालेत.

पायडल थांबवल्यावर मागच्या चाकात येणारी बारीक ‘टिकटिक’ हा दोष नाही. फ्रीव्हीलमधले छोटे खटके दात्यांवरून घसरतात, त्याचा तो आवाज आहे.

मग ताल मोजा

समजा पुढच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दाते आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक सुमारे अडीच वेळा फिरतं. म्हणून:

- प्रत्येक फेऱ्यात, ठरावीक जागी आवाज: पायडल, क्रँक किंवा मधला अ‍ॅक्सल.
- एका फेऱ्यात दोन-तीनदा: मागचं चाक. सैल तार, वाकडी रिम किंवा टायरमध्ये रुतलेला खडा.
- दोन-अडीच फेऱ्यांत एकदाच: चेनची एखादी आखडलेली कडी. चेनला साधारण 110 कड्या असतात, म्हणून तीच कडी परत यायला एवढे फेरे लागतात.

चाकावर संशय असेल, तर ते उचलून हाताने फिरवा. हवा भरायचा वॉल्व्ह दरवेळी एकाच जागी आल्यावर आवाज झाला, तर दोष चाकातच आहे. रिम ब्रेकला एकाच ठिकाणी घासत असेल, तर दुकानात ‘आउट काढून’ मिळतो.

घरी काय करता येतं?

कोरडी चेन ‘चूंचूं’ करते. ती रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, पुसून, वाळवून प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब सोडा. वरचं तेल फडक्याने पुसून घ्या. तसंच ठेवलं तर त्यात धूळ बसते आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं चेन झिजवतं. तेलाचा हात रिमला किंवा ब्रेकच्या रबराला अजिबात लागू देऊ नका.

चेन किती झिजलीय, हे फूटपट्टीनेही कळतं. नव्या चेनमध्ये 12 इंचांत बरोबर 24 कड्या बसतात. तेवढ्याच कड्या 12 इंचांच्या पुढे पाव सूत, अर्धं सूत गेल्या असतील, तर चेन बदलण्याची वेळ जवळ आलीय. पूर्ण एक सूत गेल्या, तर ती लगेच बदला.

पायडल घट्ट करताना लक्षात ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते सैल होईल.

कुठे थांबायचं?

पुढील गोष्टी दिसल्या तर सायकल हातात धरून दुकानापर्यंत न्या:

- क्रँक हलतोय आणि पायडलवर जोर दिला की ‘टक’ होतं. जुन्या पद्धतीच्या सायकलीत बहुतेकदा कॉटर पिन झिजलेली असते. तशीच चालवली तर पिनेसोबत अ‍ॅक्सलही खराब होतो.
- पायडल मधूनच रिकामं फिरतं. फ्रीव्हीलचे खटके धरत नाहीत.
- ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. रबर संपलंय.
- पुढच्या चिमट्यावर किंवा फ्रेमच्या जोडावर रंगाला बारीक रेघ गेलीय आणि त्यातून गंज दिसतोय. ही तडा जाण्याची खूण असू शकते.

दुकानात गेल्यावर ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. ‘पायडल मारतानाच येतो, प्रत्येक फेऱ्याला एकदा, उभं राहिलं तरी थांबत नाही’ असं सांगा. मेकॅनिकला संपूर्ण सायकल खोलावी लागणार नाही आणि ‘ओव्हरऑइलिंग’ऐवजी कदाचित एका पिनेवर काम भागेल.