मोटारीची किंमत आणि काचेवरील पत्रक : १९५८ च्या एका अमेरिकन कायद्याचा विचार

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचे ए. टी. स्ट्यूअर्ट आणि फिलाडेल्फियाचे जॉन वानामेकर या व्यापाऱ्यांनी 'सर्वांस एकच भाव' ही प्रथा अमेरिकेतील मोठ्या दुकानांत रुजविली. मोटारींच्या व्यापारात मात्र घासाघीस टिकून राहिली. याचे कारण व्यवहाराच्या रचनेतच सापडते. नवी मोटार घेणारा पुष्कळदा आपली जुनी मोटार मोबदल्यात देऊ करतो. त्यामुळे एकाच बैठकीत दोन वस्तूंचे मोल ठरते. अशा वेळी एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने परत घेणे विक्रेत्यास कठीण नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचा तुटवडा होता, तोवर विक्रेत्याचाच शब्द चाले. १९५५ साली प्रवासी मोटारींचे उत्पादन सुमारे ७९ लाखांवर गेले आणि गिऱ्हाइकासाठी चढाओढ सुरू झाली. नव्या गाडीची किंमत आधी फुगवावयाची आणि मग जुन्या गाडीस उदार भाव दिल्याचे दाखवावयाचे, ही युक्ती या काळात बोकाळली. व्यापारी तिला 'पॅक' म्हणत. आपण सौदा जिंकला, अशा समजुतीने गिऱ्हाईक घरी जाई. वस्तुतः मूळ किंमत कोणती हेच त्यास ठाऊक नसे.

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने ७ जुलै १९५८ रोजी यावर कायदा झाला. प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखानदाराने सुचविलेली किंमत, जोडसामानाची किंमत, वाहतूकखर्च आणि एकूण बेरीज दर्शविणारे पत्रक लावणे कारखानदारावर बंधनकारक झाले. गाडी ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी ते जाणूनबुजून काढणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद अथवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. लोक त्या पत्रकास मन्रोनींच्याच नावाने ओळखू लागले.

या कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. त्याने किंमत ठरविली नाही. ती केवळ 'सुचविली' गेली. विक्रेत्यास गाडी कितीला पडली, हे पत्रक सांगत नाही. म्हणजे घासाघीस संपली नाही. तिला उभयपक्षी वाचता येईल असा एक आरंभबिंदू मिळाला, इतकेच.

तेवढ्याने न्याय्य भाव साधला काय? इयन एअर्स व पीटर सीगलमन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन याचे उत्तर नकारार्थी देते. शिकागो परिसरात त्यांनी प्रशिक्षित ग्राहक धाडले; सर्वांची बोलणी एकाच ठराविक पद्धतीची होती. तरीही गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत गोऱ्या स्त्रियांस आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांस अधिक किमती सांगण्यात आल्या. काचेवरील आकडा सर्वांस सारखाच दिसत होता. तोंडी भाव मात्र माणूस पाहून बदलत होता. छापील किंमत जाहीर करणे आणि सर्वांस समान भाव मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली कायद्याने साधली, दुसरी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.