सर्च इंजिनांनी गाळलेला बिट

इंग्रजीत 'हू' हा शब्द लहान एबीसीडीत लिहिला तर त्याचा अर्थ 'कोण', आणि तिन्ही अक्षरं कॅपिटल काढली तर जागतिक आरोग्य संघटना. 'एड्स' कॅपिटलमध्ये रोग, स्मॉलमध्ये मदतीची साधनं. 'टर्की'चं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर देश, नसेल तर पक्षी. वाचणाऱ्याला हा भेद नजरेनेच कळतो, पण वेबवर शोधताना तो सांगण्याची सोय नाही. गूगलच्या चौकटीत शब्द कॅपिटलमध्ये टाका, स्मॉलमध्ये टाका, अवतरणचिन्हांत टाका, यंत्र सगळं एकाच मापाने मोजतं. हा भेद निरुपयोगी ठरला म्हणून गेला, असं सर्रास मानलं जातं. इतिहास वेगळं सांगतो. आधी तो यंत्रांना परवडत नव्हता. परवडू लागला तोवर तो गाळण्याची सवय पडून गेली होती.

रोमन लिपीत दोन रूपं एकत्र नांदू लागली ती आठव्या शतकाच्या अखेरीस, शार्लमेनच्या राज्यात तिथल्या मठांमध्ये सुटसुटीत लहान अक्षर रुळलं तेव्हापासून. पुढे हजारेक वर्षं हस्तलिखितांत आणि छापील पुस्तकांत हा भेद पक्का होत गेला. त्याला पहिला धक्का तारेने दिला. मोर्सच्या संकेतांत कॅपिटल-स्मॉल नाही. एमिल बोदोने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या तारयंत्राच्या संकेतात प्रत्येक अक्षराला पाच बिट, म्हणजे एकूण ३२ जागा. त्यांतल्या २६ वर्णमालेतच गेल्या. आकड्यांसाठीसुद्धा दुसऱ्या संचावर उडी मारावी लागे. तिथे लहान अक्षरांना जागा कुठून मिळणार? सुरुवातीच्या संगणकांनी हीच काटकसर पुढे चालवली. सहा बिटांचे ६४ संकेत, पंच कार्डावर फक्त कॅपिटल, आणि १९५७ ची फोरट्रान भाषाही तशीच. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की हा सात बिटांचा प्रमाण संकेत जाहीर झाला, त्या पहिल्या आवृत्तीतही लहान अक्षरं नव्हती. त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती आणि १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती भरली गेली.

ही जागा कशी भरली, ते नीट पाहण्यासारखं आहे. कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५, स्मॉल 'ए'चा ९७. 'बी' ६६ आणि ९८. प्रत्येक जोडीत अंतर बरोबर ३२, म्हणजे दोन रूपांत फरक एका बिटचा. आखणी मुद्दाम तशी केलेली होती, त्यामुळे दोन्ही रूपं साठवणंही सोपं झालं आणि तो एक बिट झाकून दोन्ही सारखी मानणंही. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच स्वस्त होत्या. कुठली घ्यायची हे माणसांनी ठरवलं. बेल लॅब्समध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या संगणक-प्रणालीने भेद पाळला. तिथे फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल वेगळे, आणि 'ग्रेप' ही शोधाची आज्ञाही मुळात काटेकोर; भेद दुर्लक्षायचा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. याच काळातल्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर फक्त कॅपिटल उमटत. म्हणून कुणी आपलं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाकून आत आलं, की समोरच्या यंत्राला लहान अक्षरं येत नाहीत असं समजून युनिक्स स्वतःला सावरून घेई.

वेबवर हा प्रश्न उत्तम रीतीने सुटलाही होता. १५ डिसेंबर १९९५ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने सुरू केलेल्या अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनचा नियम असा होता: शब्द सगळा स्मॉलमध्ये टाकला तर कुठल्याही रूपातला सापडेल, एकही कॅपिटल टाकलं तर अगदी तसाच लिहिलेला शब्द सापडेल. वेगळं बटण नाही, शिकण्याजोगी खूण नाही. ज्याला फरकाशी देणंघेणं नाही त्याला तो जाणवतही नसे, आणि ज्याला हवा त्याच्या बोटाशी तो हजर असे. एवढा शहाणा नियम या क्षेत्रात क्वचितच झाला असेल. अल्टाव्हिस्टा मागे पडलं, २००३ मध्ये याहूच्या ताब्यात गेलं आणि २०१३ मध्ये बंद झालं. त्याला मागे टाकणाऱ्या गूगलला हा भेद दिसत नव्हता असंही नाही. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या निबंधात आपल्या अनुक्रमणिकेची रचना सांगितली आहे. पानावरच्या शब्दाची साधी नोंद दोन बाइटची: १२ बिट त्याच्या जागेसाठी, तीन बिट टाइपाच्या आकारासाठी आणि उरलेला एक बिट तो कॅपिटल आहे का यासाठी. २ कोटी ४० लाख पानांच्या त्या अनुक्रमणिकेत हा बिट जपला होता. शोधणाऱ्याच्या हाती मात्र तो कधी आला नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की लोक घाईत वाटेल तसं टाइप करतात. भेद पाळला तर त्यांना काही सापडणारच नाही. अल्टाव्हिस्टाच्या नियमात या आक्षेपाचं बरंचसं उत्तर आहे, कारण घाईतला माणूस सहसा स्मॉलच टाइप करतो. आता फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो हे खरं; त्यासाठी हा नियम फक्त अवतरणचिन्हांतल्या शब्दांना लावला तरी पुरे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजची यंत्रं संदर्भावरून अर्थ ओळखतात, मग अक्षराच्या रूपाची गरज काय? गरज आहे, कारण ही ओळख म्हणजे अंदाज, आणि अंदाज नेहमी बहुसंख्यांच्या बाजूने झुकतो. तुर्कस्तान शोधणाऱ्या लाखोंना त्याचा फायदा होतो. पण रसायनात कॅपिटल 'सी'पुढे स्मॉल 'ओ' म्हणजे कोबाल्ट आणि कॅपिटल 'ओ' म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वॉटच्या आधी स्मॉल 'एम' असेल तर मिलीवॉट, कॅपिटल असेल तर मेगावॉट. मधलं अंतर शंभर कोटी पटींचं. माणसाच्या जनुकाची चिन्हं पूर्ण कॅपिटलमध्ये आणि उंदराच्या जनुकाचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, असा जीवशास्त्रात संकेत आहे. अशा ठिकाणी शोधणाऱ्याला काय हवं ते नेमकं ठाऊक असतं. त्याला यंत्राचा अंदाज नको असतो, आपलं म्हणणं तसंच्या तसं पोचायला हवं असतं.

आपल्या लिपीत हा भेद नाही, तरी त्याची झळ मराठीलाही लागली आहे. युनिकोड सर्वत्र पोचण्याआधी इंटरनेटवर मराठी लिहिण्याची एक रीत रोमन लिप्यंतराची होती. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्समध्ये स्मॉल 'एल' म्हणजे 'ल' आणि कॅपिटल म्हणजे 'ळ'. स्मॉल 'एन' म्हणजे 'न' आणि कॅपिटल म्हणजे 'ण'. भेद पुसला की 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' एक होतात. दुसरी रीत फॉन्टची: कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसे, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक साठत. त्यात 'आय'च्या कळीवर 'प' आणि शिफ्ट दाबून 'प्'. म्हणजे 'तपत' आणि 'तप्त' या शब्दांत फरक फक्त मधल्या अक्षराच्या कॅपिटल-स्मॉलचा. रोमन समजून सगळं स्मॉल करणाऱ्या यंत्रापुढे असा मजकूर ठेवला, की देवनागरीची जोडाक्षरंच मोडून पडतात. आता सगळं युनिकोडमध्ये आहे, असं यावर म्हटलं जाईल. नवं आहे, पण जुन्या फॉन्टांतला सगळा मजकूर काही कुणी बदलून घेतलेला नाही, आणि तो शोधायची वेळ अभ्यासकांवर येतच राहते.

राहिला खर्चाचा प्रश्न. भेद न पाळणं हेच सोपं, ही समजूत इंग्रजीपुरती खरी आहे. तुर्की भाषेने १९२८ मध्ये रोमन लिपी घेतली तेव्हा टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन 'आय' ठेवले, दोघांचेही कॅपिटल वेगळे. तिथे 'सारखं मानायचं' म्हणजे आधी भाषा ओळखायची. आणि भेद पाळायला दुहेरी अनुक्रमणिका लागत नाही. नेहमीप्रमाणे आधी सगळी पानं काढायची आणि मागणी असेल तेव्हाच त्यांतली रूपं ताडून पाहायची. ईमॅक्ससारखे मजकूर लिहिण्याचे प्रोग्रॅम अल्टाव्हिस्टासारख्याच नियमाने आजही शोध घेतात. २०१० मध्ये गूगलनेच पुस्तकांतल्या शब्दांची वारंवारता दाखवणारा एनग्रॅम व्ह्यूअर काढला, तो सुरुवातीपासून कॅपिटल-स्मॉल वेगळे मोजतो. दोन्ही एकत्र मोजण्याची सोय त्यात नंतर, पर्याय म्हणून आली. वेबच्या शोधासाठीही अवतरणचिन्हांपुरता असा एक पर्याय मागणं अजिबात अवाजवी नाही.