शेजारधर्माची शांतिसेना

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात त्यांच्या आगमनाची वाट पाहिली जात होती. फेब्रुवारीच्या आरंभी सेवाग्रामला यावे आणि देशभरच्या विधायक कार्यकर्त्यांशी पुढील कामाचा विचार करावा, असे त्यांच्या मनात होते. ते आले नाहीत, पण ठरलेली बैठक मात्र झाली. हत्येनंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, मार्चच्या मध्यास, पंडित नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, जयप्रकाश नारायण, विनोबा आणि जे. सी. कुमारप्पा ही मंडळी सेवाग्रामला जमली. शोकसभेसाठी ती आली नव्हती. द्वेषाने पेटलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल येते तेव्हा समाजाने काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. तो आजही आपल्यापुढे आहे, म्हणून त्या बैठकीची आणि तिच्या मागेपुढे घडलेल्या गोष्टींची आठवण करणे उचित ठरेल.

वर्ध्याची पूर्वतयारी

वर्धा हे नागपूरनजीकचे, कापसाच्या बाजारपेठेचे एक साधे गाव. १९२१ साली विनोबा तेथे आश्रम चालविण्यास आले. १९२८ साली शेठ जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले केले. सनातन्यांचा विरोध पत्करून एका धनिकाने उचललेले हे पाऊल देशभर गाजले. १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्याच खेड्याचे पुढे सेवाग्राम झाले.

त्याच १९३४ साली सरहद्द प्रांतात पाऊल ठेवण्यास सरकारने बंदी केलेले खान अब्दुल गफारखान वर्ध्यात जमनालालजींचे पाहुणे होते. लढाऊ पठाणांतून ‘खुदाई खिदमतगार’ ही नि:शस्त्र सेना उभी करणारा हा नेता त्या वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यातच पकडला गेला. सेवाग्रामच्या प्रार्थनेत गीतेबरोबर कुराणातील वचने होती, पारशी प्रार्थना होती आणि ख्रिस्ती भजनेही होती. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली.

या वर्तुळात ख्रिस्ती माणसे पाहुणी म्हणून नव्हे, घरची म्हणून वावरत होती. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांच्या खांद्यावर होती. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले, लंडनला हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत खादी नेसून राहिले. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी तुरुंगात असताना पुस्तक लिहिले. हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम पाहणारे आर्यनायकम हे सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी आशादेवींनी सेवाग्रामच्या ‘नई तालीम’ शाळेला आयुष्य वाहिले. ही मंडळी कॅथलिक नव्हती. पण ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा तसूभरही न सोडता परधर्मीय शेजाऱ्यांसमवेत कसे राबावे, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला.

आष्टीची जखम

वर्धा जिल्हा म्हणजे केवळ अहिंसेचे तीर्थ, असे चित्र रंगविणे मात्र इतिहासाशी प्रामाणिक राहणार नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबार झाला, आंदोलक धारातीर्थी पडले आणि संतप्त जमावाच्या हातून पोलिसही मारले गेले. त्याच सुमारास शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूरला सरकारी अंमलदारांचे बळी गेले आणि मागाहून आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाचे प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. १२ जानेवारी १९४३ रोजी ते सुटले.

हिंसा करणारा प्रत्येक माणूस जन्मतः दुष्ट नसतो, हे या घटनेतून ध्यानात येते. अपमान, अन्याय आणि दडपणूक साचत गेली की साधा शेतकरीही जमावात आपले भान हरपतो. आणि जमावाच्या हिंसेला सत्तेने हिंसेनेच उत्तर दिले, तर पहिली जखम चिघळते. भन्साळींनी सूडाची हाक दिली नाही. सत्य उजेडात यावे एवढीच मागणी त्यांनी केली आणि तिची किंमत स्वतःच्या देहाने मोजली.

पहारा कोणी करावा?

आता मार्च १९४८ कडे वळू. पंतप्रधान येणार म्हणून सेवाग्रामभोवती कडक बंदोबस्त ठेवण्यात आला होता. ज्या आश्रमाच्या कुटीला कधी पहारेकरी लागला नाही, तेथे हत्यारबंद शिपाई पाहून कुमारप्पा आणि कृपलानी व्यथित झाले व त्यांनी ते बोलून दाखविले. विनोबांनी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. हे कृत्य एका माथेफिरूचे आहे असे मानून स्वस्थ बसता येणार नाही, त्यामागे पसरलेला विचार ओळखला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आपण ज्या पवनारात वर्षानुवर्षे राहिलो, त्या गावातूनही संशयावरून काहीजणांना अटक झाली, हे त्यांनी सांगितले. मारेकरी ज्या जातीत जन्मला त्याच जातीत आपलाही जन्म झाला आहे, हेही त्यांनी लपविले नाही.

या कबुलीचे मोल फार मोठे आहे. मारेकरी नथुराम गोडसे हा मराठी बोलणारा, पुण्यात वृत्तपत्र चालविणारा, लिहितावाचता माणूस होता. अतिरेकी विचार अडाण्यांच्याच डोक्यात शिरतो, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. विष बाहेरून आले नव्हते, ते आपल्याच भाषेत वाढले होते. अशा वेळी ‘तो आमचा नव्हेच’ असे म्हणून हात झटकणे सोपे असते. विनोबांनी ते केले नाही. आपल्या घरातील दोषाकडे आधी पाहावे, ही शिकवण आपल्याला शुभवर्तमानातील कुसळ आणि मुसळाच्या दाखल्यातून परिचित आहे.

त्याच दिवसांत महाराष्ट्रात दुसरेही पाप घडत होते. मारेकरी ब्राह्मण म्हणून पश्चिम महाराष्ट्रात आणि अन्यत्र निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, माणसे देशोधडीला लागली. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या नावाने ही हिंसा झाली! एका माणसाचा अपराध साऱ्या जमातीच्या माथी मारणे हे द्वेषाचे सर्वांत जुने हत्यार आहे, आणि अतिरेक्याला नेमके तेच हवे असते.

कुमारप्पांचे दुःख आणि विनोबांची सावधगिरी, दोन्हींत तथ्य होते. राज्याने आपल्या माणसांचे रक्षण करावयास हवेच. पण शिपायाचा पहारा दारापर्यंत पोहोचतो, मनापर्यंत नाही. मनाचा पहारा शेजाऱ्यांनीच एकमेकांसाठी करावा लागतो.

शांतिसैनिकाची लक्षणे

हा पहारा कसा करावा याचा विचार गांधीजींनी १९३८ सालीच ‘हरिजन’ पत्रात मांडून ठेवला होता. दंगलीच्या वेळी पोलिसांची, किंबहुना लष्कराची जागा घेऊ शकेल अशा शांतिसेनेची कल्पना त्यांनी केली. तिच्या सैनिकाची लक्षणे त्यांनी सांगितली ती अशी: त्याची ईश्वरावर जिवंत श्रद्धा असावी, सर्व धर्मांविषयी सारखा आदर असावा, चारित्र्य निष्कलंक असावे आणि तो शक्यतो त्याच वस्तीतला असावा. शांततेच्या काळात सेवेच्या निमित्ताने घरोघरी त्याचा परिचय झालेला असावा, म्हणजे संकटाच्या वेळी तो कोणाला परका वाटणार नाही. आग भडकण्याची वाट न पाहता धूर दिसताच त्याने धावून जावे.

हे कार्य गांधीजींच्या हयातीत व्यवस्थितपणे उभे राहिले नाही. भूदानयात्रेत असताना विनोबांनी १९५७ साली केरळात शांतिसेनेची स्थापना केली. आशादेवी आर्यनायकम यांनी आरंभीच्या काळात तिच्यासाठी कष्ट घेतले. पुढे जयप्रकाशजी आणि नारायण देसाई यांनी ती वाढविली. १९६९ च्या अहमदाबाद दंगलीनंतर तिच्या सैनिकांनी दोन्ही समाजांत काम केले. परंतु १९७४–७५ च्या राजकीय वादळात सर्वोदय परिवार दुभंगला आणि शांतिसेनाही क्षीण झाली. संघटना विरली, कल्पना मात्र मेली नाही. ती दुसऱ्याच वेशात, अनपेक्षित ठिकाणी प्रकट झाली.

भिवंडी आणि मुंबई

ते ठिकाण म्हणजे यंत्रमागांची भिवंडी. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून तेथे भीषण दंगल उसळली. १९८४ साली पुन्हा तेच घडले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीला आले. वस्तीवस्तीतून हिंदू आणि मुसलमान सामान्य माणसांना एकत्र बसवून त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्या समित्यांतून नळाच्या, गटाराच्या, भाडेकरूंच्या बारीकसारीक कुरबुरी सोडविल्या जात. बैठका नेमाने होत. शिपाई आणि नागरिक एकमेकांना नावाने ओळखू लागले. ६ डिसेंबर १९९२ नंतर शेजारची मुंबई जळत असताना दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. गांधीजींनी १९३८ साली जे लिहिले तेच येथे घडले होते, फक्त पुढाकार खाकी गणवेशातील माणसाने घेतला होता.

मुंबईला मात्र फार मोठे मोल द्यावे लागले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी आणखी २५७ जणांचे प्राण घेतले. त्या राखेतून १९९४ साली मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. रिबेरो हे आपल्याच ख्रिस्तसभेचे सुपुत्र. दहशतवादाच्या ऐन काळात ते पंजाबचे पोलीस महासंचालक होते. १९८६ मध्ये जालंधरला आणि १९९१ मध्ये बुखारेस्टला त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. बंदुकीची आवश्यकता आणि तिची मर्यादा दोन्ही पुरती जाणणारा हा माणूस निवृत्तीनंतर गल्लीबोळांतील बैठकांना जाऊन बसला, यातच पुष्कळ काही आले.

या मार्गातही खाचखळगे आहेत. अधिकाऱ्याची बदली झाली की समिती सुस्तावते. बैठक कागदावर उरते आणि पुढे पुढे करणाऱ्यांचीच तिथे गर्दी होते. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष पेटला. गोळीबारात माणसे गेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. शांती हे एकदा बांधून मोकळे होण्याचे मंदिर नाही. विहिरीसारखा तिचा गाळ दरवर्षी उपसावा लागतो.

आपला वाटा

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत निःसंदिग्ध आहे. संत पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक केवळ कॅथलिकांना नव्हे, तर सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे अन्य धर्मीयांशी संवादाचे दार उघडले. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ साली राजघाटावर गांधीजींच्या समाधीपुढे प्रार्थना केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात असिसी येथे सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना शांतीसाठी एकत्र आणले. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात बंधुत्वाची प्रेरणा देणाऱ्यांमध्ये महात्मा गांधींचे नाव आदराने घेतले.

दस्तऐवज पुष्कळ आहेत, प्रश्न आचरणाचा आहे. आपण संख्येने थोडे, आपण या भानगडीत कशाला पडावे, असा विचार कित्येक घरांत असतो. परंतु वर्ध्यात कुमारप्पा आणि आर्यनायकम यांच्यासारखी ख्रिस्ती माणसे मोजकीच होती. संख्येची वाट पाहत ती बसली नाहीत. आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात, आपल्या दवाखान्यांत रोग्याची जात विचारली जात नाही. १९३८ च्या त्या लेखातील सेवेतून आलेला परिचय आपल्याजवळ आयताच आहे. त्याचे रूपांतर जागरूक शेजारात करणे एवढेच बाकी आहे. धर्मग्रामातील दोन-चार कुटुंबांनी वस्तीतील अन्य धर्मीय कुटुंबांशी नेमाने भेटीगाठी ठेवाव्यात. अफवा कानी येताच ती पुढे न ढकलता शहानिशा करावी. आपल्याच तरुणांच्या बोलण्यात कोणा जमातीविषयी विखार डोकावू लागला, तर तो हसण्यावारी नेऊ नये. आणि आपल्यावर आघात झाला तरी साऱ्या समाजाला दोषी धरण्याचा मोह टाळावा.

गेथशेमनीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली, ती प्रभूने म्यान करावयास लावली आणि जखमी शत्रूचा कान बरा केला. कुमारप्पांच्या विचारांचा सारा आधार असा ख्रिस्त होता. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांनी देह ठेवला. मगनवाडी आणि सेवाग्रामच्या कुट्या आजही उभ्या आहेत. तेथे जाणाऱ्याने हात जोडून परतावेच, पण परतताना आपल्या गल्लीत कोणाचे दार आपण आजवर ठोठावलेले नाही, याचाही विचार करावा.