मृग आणि डिअर

‘डिअर म्हणजे हरीण’ हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले असते. तथापि एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला हा अर्थ सांगितला असता, तर तो बुचकळ्यात पडला असता. त्याच्या बोलीत ‘देओर’ म्हणजे कोणताही पशू, विशेषतः रानातला. याच शब्दाचे जर्मन भावंड ‘टीअर’ आजही पशुमात्रास लावतात. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात तर उंदरांनाही हा शब्द लावलेला आढळतो.

आपणांस याचे नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘मृग’ हाही मूळचा वनपशूच. एरवी सिंहाला मृगेंद्र, वानराला शाखामृग आणि शिकारीला मृगया का म्हटले असते? पुढे तो शब्दही आकसत हरणापाशी येऊन थांबला. आणि आजही गोमंतकात वा कोकणात ‘जनावर निघाले’ अशी हाक आली की ऐकणारा आधी काठी शोधतो. कारण तेथे जनावर म्हणजे साप.

इंग्रजीत मात्र या आकसण्यामागे राज्यक्रांतीचा इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा बसली. पशुमात्राचा अर्थ हळूहळू फ्रेंचांकडून आलेल्या ‘बीस्ट’ या शब्दाकडे गेला. शिकारीचा पशू म्हटला की हरीण, हे समीकरणही त्याच काळी दृढ झाले असावे. विल्यमला हरणांचे अतोनात वेड. त्याने विस्तीर्ण प्रदेश राखीव करून टाकले, आणि हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा त्याचा नियम असल्याचे तत्कालीन बखरकाराने नोंदले आहे. ‘व्हेनिसन’ या शब्दाची गतही तीच. मूळ अर्थ शिकारीचे मांस. आज केवळ हरणाचे.

वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ अखेरच्या कादंबरीत विदूषक वॉम्बा हा डुकरे राखणाऱ्या गर्थला एक मर्म सांगतो. जनावर राखायचे असते तोवर त्याचे नाव सॅक्सन. ताटात आले की ते फ्रेंच होते. गोठ्यातील ‘काऊ’चे पानात ‘बीफ’ होते, ‘शीप’चे ‘मटन’. राबणारा कोण आणि जेवणारा कोण, हे शब्दच सांगतात. निरीक्षण मार्मिक खरे. पण स्कॉटने ते जरा जास्तच रेखीव केले आहे. नॉर्मन विजयानंतर कित्येक शतके हे फ्रेंच शब्द जिवंत जनावरांनाही लावले जात होते. आजची काटेकोर वाटणी पुष्कळ नंतरची आहे.

कित्येक प्राण्यांची नावे त्यांच्या गतीवरूनच पडली. ‘डक’ म्हणजे बुडी मारणारी. बदकाचा जुना इंग्रजी शब्द या नावापुढे लोपला. ‘फ्लाय’ म्हणजे उडणारी, म्हणून माशी. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात भाड्याच्या हलक्या घोडागाडीसही फ्लायच म्हणत! उलट ‘बेअर’ म्हणजे अस्वल आणि ‘बेअर’ म्हणजे वाहणे, सोसणे, यांचा परस्परांशी सुतराम संबंध नाही. क्रियापद संस्कृत ‘भृ’ धातूचे सगोत्र. आपला ‘भार’ त्याच कुळातला. अस्वलाचे नाव मात्र बहुधा ‘तपकिरी’ या अर्थाचे. संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्तोस’ या घराण्यातला शब्द इंग्रजांच्या पूर्वजांनी टाकून दिला. त्या पशूचे खरे नाव उच्चारण्याची शिकाऱ्यांना भीती वाटे, असा भाषाशास्त्रज्ञांचा तर्क आहे. तिन्हीसांजेनंतर सापाचे नाव न घेणाऱ्या आपल्या आजीला तो सहज पटला असता.

गतिवाचक शब्दांचा पसारा तर याहून मोठा. ऑक्सफर्डचा थोरला कोश १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ साली पुरा झाला. त्याच्या अलीकडच्या सुधारित आवृत्तीत ‘रन’ या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदले आहेत. मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत छापला गेला. असा कोश रचणाऱ्याची तारांबळ अशाच शब्दांपाशी उडते. माणूस धावतो, नदी वाहते, नाक गळते, कापडाचा रंग उतरतो, दुकान चालवले जाते. मराठीला प्रत्येक वेळी निराळे क्रियापद हवे, इंग्रजीचे ‘रन’वर भागते. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडातला मात्र आपल्या उमेदवारासारखा नुसता उभा राहतो.