लाथाबुक्क्यांना गोष्ट कशाला?

१९९२ साली आलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या मशीनमध्ये तपासणीचा एक मेनू होता. तो दुकानदाराने बघायचा, खेळणाऱ्याने नाही. किती डाव झाले वगैरे आकडे त्यात दिसायचे. त्यातच एका ओळीत 'एर्मॅक्स' असा शब्द आणि पुढे एक आकडा. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. प्रोग्रॅमर एड बूनने एरर पकडायला एक मॅक्रो लिहिला होता, त्याचा हा काउंटर. 'एरर मॅक्रो'चं लघुरूप, बाकी काही नाही. पण पोरांनी तो शब्द बघितला आणि ठरवूनच टाकलं की एर्मॅक नावाचा लाल कपड्यांतला निन्जा गेममध्ये कुठेतरी लपलाय. अफवा इतकी पसरली की गेमिंगच्या मासिकात छापून आली. शेवटी १९९५च्या 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३'मध्ये मिडवे कंपनीने खरोखरच एर्मॅक नावाचा लाल निन्जा आणला, आणि त्याला पूर्वेतिहासही दिला. युद्धात मेलेल्या अनेक योद्ध्यांचे आत्मे एकाच देहात कोंबले, तो हा एर्मॅक!

माझ्या कोडमधल्या एरर काउंटरला आजवर कोणी आत्मा दिलेला नाही. क्यूएवाले फक्त शिव्या देतात :)

तर मुद्दा असा की दोन माणसं समोरासमोर, वर दोन लाइफच्या पट्ट्या, मध्ये ९९पासून उलटं मोजणारं घड्याळ, आणि आपण एकमेकांना झोडायचं, या प्रकारात गोष्टीला काही काम आहे का? हे खेळ मन लावून खेळणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर 'नाही' असंच येईल. कुठली लाथ किती फ्रेममध्ये लागते, अडवली तर आपण किती फ्रेम उघडे पडतो, हा खरा अभ्यास. शह द्यायला वजिराचं गोत्र माहीत असावं लागत नाही. हे म्हणणं मला अर्धंच पटतं. का ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास.

हे गेम जन्मले आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर. मशीनच्या मालकाचं गणित सरळ होतं. दर दोन-तीन मिनिटांनी नवं नाणं पडलं पाहिजे. नाणं टाकून पोरगं उभ्या उभ्या गोष्ट वाचत बसलं तर धंदा बुडाला. म्हणून गोष्टीला जागा मिळाली दोनच ठिकाणी. एक म्हणजे मशीन रिकामं असताना पडद्यावर आपोआप चालणारी जाहिरात, आणि दुसरी म्हणजे सगळ्यांना हरवल्यावर दिसणारी शेवटची चार चित्रं. त्यातही कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर २'च्या (१९९१) सुरुवातीला जे दोघं मारामारी करताना दिसतात, ते अख्ख्या गेममध्ये कुठेच नाहीत! बरं, तुम्ही एकटे खेळत शेवटाकडे निघालात आणि शेजारच्याने नाणं टाकलं की गोष्ट तिथेच थांबणार. आधी त्याच्याशी लढा. म्हणजे डिझाईनमध्येच गोष्टीचा नंबर माणसाच्या मागे होता.

तरीही तिथे गोष्ट होती. कशी, ते बघण्यासारखं आहे.

१९८७च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये पहिला खेळाडू ऱ्यू आणि दुसरा खेळाडू केन. दोघांचे डाव अगदी सारखे. क्लास एकच, ऑब्जेक्ट दोन. शेवटचा शत्रू थायलंडचा सागत, धिप्पाड आणि एका डोळ्याचा. चार वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा सागतच्या छातीवर तिरका मोठा व्रण होता. ऱ्यूच्या 'शोर्युकेन'ने, म्हणजे त्या उडी मारून हाणलेल्या ठोशाने, झालेला. पडद्यावर त्याबद्दल लांबलचक काही सांगत बसले नाहीत. एक व्रण काढला, संपलं. पहिला भाग खेळलेल्याला कळलं की मागच्या वेळी जे झालं ते खरोखर झालं होतं, आणि हा माणूस ते विसरलेला नाही. मी या प्रकारातली बरीच कथानकं बघितली आहेत. त्या व्रणाइतकं कमी खर्चात इतकं काम करणारं दुसरं मला आठवत नाही.

'मॉर्टल कॉम्बॅट'ची गंमत याहून मोठी. तिथे खऱ्या माणसांचे फोटो काढून पात्रं बनवलेली, म्हणजे प्रत्येक हालचालीला मेमरी जाणार. मग एकाच नटाचा, डॅनिएल पेसिनाचा, निन्जाच्या वेषातला एक संच वापरला आणि नुसते रंग बदलले. निळा तो सब-झीरो, पिवळा तो स्कॉर्पियन, आणि लपून बसलेला हिरवा तो रेप्टाईल. आपल्या भाषेत कॉपी-पेस्ट आणि एक कलर व्हेरिएबल. पण दोन माणसं इतकी सारखी का दिसतात याचं काहीतरी उत्तर हवं ना? ते काम जॉन टोबायसचं. दोन वैरी घराणी, एकाने दुसऱ्याला मारलेलं, आणि मेलेला नरकातून सूड घ्यायला परत आलेला. टोबायसने त्यावर कॉमिकही काढलं, ते पोस्टाने मागवायचं. तीस वर्षांनंतरही ज्या वैरावर ही मालिका चालते, त्याचं मूळ मेमरी वाचवण्यात आहे.

म्हणजे ही गोष्ट बहुतेक वेळा आधी ठरलेली नसते. मशीनच्या मर्यादेमुळे किंवा कोणाच्या तरी चुकीमुळे एक फट पडते आणि ती बुजवायला गोष्ट येते. ऱ्यूच्याच बाबतीत बघा. जिंकल्यावर त्याच्या तोंडी जे वाक्य होतं त्यातल्या 'शोर्युकेन'च्या चित्रलिपीचं इंग्रजी करताना 'शेंग लाँग' असं माणसाचं नाव होऊन बसलं. याला हरवल्याशिवाय तुझी काही खैर नाही, अशा अर्थाचं. अमेरिकेतल्या एका मासिकाने १९९२च्या एप्रिलमध्ये एप्रिल फूल म्हणून हा गुप्त गुरू कसा सापडतो याची कृती छापली आणि जगभर पोरं ती करून बघत बसली. पुढे १९९४मध्ये कॅपकॉमने खरोखरच एक गुप्त शत्रू आणला, अकुमा. आणि २००८च्या चौथ्या भागात ऱ्यू-केनचा गुरू गोकेन प्रत्यक्ष खेळायला मिळाला.

याच्या उलट उदाहरण सेगाचं. १९९३चा 'व्हर्च्युआ फायटर' हा थ्रीडी मारामारीचा पहिला मोठा गेम. डावांच्या बाबतीत इतका खोल की जपानमध्ये त्याचे खेळाडू स्टार झाले. गोष्ट मात्र गेममध्ये जवळजवळ नाहीच, जी काय होती ती माहितीपुस्तिकेत. दुसऱ्याच वर्षी नामकोने 'टेकेन' आणला. त्यात हेइहाची नावाचा बाप पाच वर्षांच्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून फेकतो. मुलगा वाचतो, मोठा होऊन बापाला कड्यावरून टाकतो. पुढच्या भागात बाप मुलाला ज्वालामुखीत. तिसऱ्या भागात (१९९७) नातू जिन, त्याला आजोबाच गोळी घालतो. शुद्ध भाऊबंदकी! आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही, आपल्या प्रत्येक तालुक्यात असा एक बांधाचा दावा चालू आहे. आता मला सांगा, यातली किती नावं तुम्हाला ऐकून माहीत आहेत आणि 'व्हर्च्युआ फायटर'मधली किती? तिथला नायक अकिरा. त्याला घेऊन सेगा मोठा आरपीजी करायला निघाली होती, त्याचाच पुढे १९९९ला 'शेनम्यू' झाला, पण त्यातून अकिरा बाहेर!

आमच्या गावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये यातली कुठलीच गोष्ट पोचली नव्हती. माहितीपुस्तिका नाही, इंग्रजी कच्चं, आणि मागे उभं राहून 'माझा नंबर' म्हणणारी दहा पोरं. 'हादोकेन'ला आम्ही 'आडूकेन' म्हणायचो. तरी पात्रांशिवाय आमचं भागत नव्हतं. कॅपकॉमचाच 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (हा समोरासमोरच्या लढतीचा गेम नव्हे, पण असो) भारतभर 'मुस्तफा' या नावाने चालला, त्यातल्या एका पात्राच्या नावावर. गेमचं खरं नाव विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. 'स्ट्रीट फायटर'मध्ये आपला माणूस म्हणजे धालसिम. हातपाय रबरासारखे ताणणारा, तोंडातून जाळ काढणारा, मागे हत्ती. परदेशी माणसाच्या डोक्यातला भारत एका चित्रात कोंबलेला, आणि आम्हाला त्याची थोडी लाजच वाटायची. खूप वर्षांनी वाचलं की तो मुळात लढाई न आवडणारा माणूस, गावासाठी पैसे उभे करायला लढतो. गळ्यातल्या कवट्या त्याच गावात साथीने गेलेल्या मुलांच्या. हे वाचल्यावर माझा डाव काडीचाही सुधारला नाही. पण त्यानंतर मी धालसिम घेऊन खेळायला लागलो, आणि अजून घेतो.

माझं म्हणणं इतकंच आहे. गोष्ट लढाई बदलत नाही, पण लढायला कोणाला निवडायचं आणि सलग वीस वेळा हरल्यावरही त्याच माणसाला धरून का राहायचं, हे ती ठरवते.

याची मोठी परीक्षा झाली २०१६ला. त्याआधीची पार्श्वभूमी अशी की मिडवे २००९ला दिवाळखोरीत गेली, 'मॉर्टल कॉम्बॅट' वॉर्नरकडे आला आणि बूनच्याच टीमने २०११ला नवा भाग काढला. त्यात सिनेमासारखा सलग चालणारा, मध्येमध्ये आपण लढायचं, असा काही तासांचा स्टोरी मोड होता. (सुरुवात २००८च्या डीसीबरोबरच्या गेममध्ये झालेली.) ऑनलाईन जाऊन मार खायची हौस नसलेल्या माणसालाही गेम विकत घ्यायला कारण मिळालं. कॅपकॉमने मात्र फेब्रुवारी २०१६मध्ये 'स्ट्रीट फायटर ५' आणला तो आर्केड मोडशिवाय. गोष्टीच्या नावाखाली प्रत्येक पात्राच्या दोन-चार सोप्या लढती आणि काही स्थिर चित्रं. मोठा स्टोरी मोड नंतर अपडेटमध्ये देऊ म्हणाले.

त्याच जुलैमध्ये लास वेगासच्या 'इव्हो' स्पर्धेत या गेमसाठी ५,१०७ खेळाडू उतरले आणि अंतिम फेरी ईएसपीएन २वर दाखवली गेली. स्पर्धेच्या बाजूने बघितलं तर याहून चांगलं काय असतं? पण मार्चअखेर २० लाख प्रती खपतील असा कॅपकॉमचा अंदाज होता, त्या गेल्या १४ लाख. सर्व्हरच्या तक्रारी होत्याच, तरी सगळ्यात मोठी ओरड ही होती की एकट्याने खेळायला यात आहे काय? आर्केड मोड यायला जानेवारी २०१८ उजाडलं. आपल्याकडेही हे होतंच की. पॉवर युजरला विचारून प्रॉडक्ट बनवायचं आणि मग बाकीचे का फिरकत नाहीत म्हणून मीटिंग घ्यायची.

अर्थात सिनेमाछाप स्टोरी मोडही मला फारसे झेपत नाहीत. कटसीन बघताना कंट्रोलर मांडीवर पडलेला असतो आणि चहा निवतो. शिवाय गोष्ट लांबली की मेलेल्यांना परत आणावं लागतं. 'टेकेन ७'मध्ये हेइहाचीला मुलाने ज्वालामुखीत टाकलं, या वेळी म्हातारा खरंच गेला असं सांगून झालं, आणि ऑक्टोबर २०२४ला तो 'टेकेन ८'मध्ये डीएलसी म्हणून हजर! टेकेनचा याहून ताकदीचा किस्सा २०१९चा आहे. लाहोरचा अर्सलान ॲश व्हिसाच्या आणि विमानांच्या भानगडीतून कसाबसा जपानला पोचला, इव्हो जपान जिंकला, आणि त्याच वर्षी वेगासलाही जिंकला. तिथे हेइहाची कोणाचा बाप आहे याने काही फरक पडत नव्हता.

पण तो पोरगाही कधीतरी पहिल्यांदा त्या मशीनसमोर उभा राहिला असेल, आणि फ्रेम डेटा वाचून तर नक्कीच नाही.

२०२३चा 'स्ट्रीट फायटर ६' बाकी पहिल्या दिवसापासून आर्केड मोड घेऊन आला. शिवाय वर्ल्ड टूर नावाचा भलामोठा प्रकार, ज्यात आपलं स्वतःचं पात्र बनवून ऱ्यू, केन, धालसिम यांच्याकडे शिष्य म्हणून जायचं. मी तो अर्ध्यावर सोडलाय. ऑनलाईन मात्र रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास हरतो.